झडप उघडण्याआधी टेकू

माझ्या जुन्या लिहायच्या टेबलाची झडप उघडायच्या आधी खालचे दोन्ही टेकू पुढे ओढून घ्यायचे असतात. हे मला पक्कं माहीत होतं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मीच ते बजावत होते. नवऱ्याला तर इतक्यांदा सांगितलं होतं की त्याने त्या टेबलाला हात लावणंच सोडून दिलं. आणि तरीही, टेबल घरात येऊन महिना पुरा व्हायच्या आत, एका कानाशी फोन धरून, दुसऱ्या हातात पाकीट घेऊन मी फक्त उजवा टेकू ओढला आणि झडप सोडली. आवाज फार मोठा झाला नाही. फांदी मोडल्यासारखा एकच "कट्". झडप डावीकडे तिरकी झाली, डाव्या बिजागरीचे स्क्रू लाकडाची वीतभर ढलपी सोबत घेऊन बाहेर आले, आणि मी फोनवर "हो हो, ऐकतेय" म्हणत राहिले.

ज्यांनी असं टेबल पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. लांबून ते खणांचं बुटकं कपाट वाटतं. खाली तीन-चार मोठे खण, वरचा भाग समोरून उतरता. ती उतरती फळी म्हणजे झडप. तिची बिजागरी खालच्या कडेला असते. झडप पुढे पाडली की तीच लिहायची फळी होते, आणि आत पत्रांचे चौकोनी कप्पे, बोटभर उंचीचे खण, मधोमध एक चिमुकलं दार, असा सगळा संसार दिसतो. झडपेचा भार बिजागऱ्यांनी पेलायचा नसतो. तो पेलायला दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या असतात, खणासारख्या बाहेर सरकणाऱ्या. टेकू म्हणते ते हेच. जुन्या टेबलांत सगळ्यात जास्त मोडतोड कुठे झालेली दिसते, तर या बिजागऱ्यांपाशी. माझ्यासारखी माणसं दोनशे-अडीचशे वर्षं एका हाताने झडप उघडत आली आहेत, दुसरं काय.

नावांचा घोळ मात्र भरपूर आहे. इंग्रज या उतरत्या झडपेच्या टेबलाला ब्युरो म्हणतात, अमेरिकेत त्यावर पुस्तकांचं कपाट असलं की ते सेक्रेटरी होतं, आणि फ्रेंचांचं सेक्रेटेर तर समोरून सरळ उभ्या कपाटासारखं असतं. ब्युरो हा शब्द मुळात टेबलावर अंथरायच्या जाड लोकरी कापडाचा. आपण त्याला बनातीचा भाऊबंद म्हणू. सेक्रेटरी म्हणजे गुपित राखणारा. आपल्याकडचा शब्द चिटणीस, आणि मला मनापासून वाटतं की या टेबलाला चिटणीसच म्हणायला हवं होतं. पत्रं घेतो, कागद लावून ठेवतो, आणि तोंड मिटून बसतो.

मला ते तोंड मिटणंच हवं होतं. बरीच वर्षं मी जेवणाच्या टेबलावर काम केलं. दिवसातून तीनदा कागद गोळा करायचे, तीनदा पसरायचे, आणि दर वेळी एक पान कमी भरायचं. वेगळी खोली नव्हती, होणारही नव्हती. काम अर्धवट टाकून, पसारा आहे तसा ठेवून, वरून दार लावून घेता येईल असं काहीतरी हवं होतं. साधं टेबल घेतलं असतं तर पसारा चोवीस तास नजरेसमोर.

शोधाशोधीत काही महिने गेले. गुंडाळत वर जाणाऱ्या झाकणाचं रोलटॉप आधी आवडलं. बफेलोच्या ॲबनर कटलरने त्याचं पेटंट १८८२ साली घेतलं आणि मग कचेऱ्यांमध्ये ही टेबलं घरोघरच्या पाटांसारखी झाली. पण पाहिली त्यातल्या दोघांच्या झाकणांमागचं कापड फाटलेलं होतं. त्या कापडावर लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात. कापड गेलं की झाकण मधेच अडकतं आणि दुरुस्तीसाठी अख्खा डोलारा उतरवावा लागतो. शिवाय आकार असा की माझी खोली त्या टेबलात मावली असती. इंडियानापोलिसच्या वूटनने १८७४ साली पेटंट घेतलेलं टेबल तर फक्त चित्रांत पाहावं: दोन पंखांसारखं उघडतं आणि आत शंभराच्या आसपास कप्पे. हे टेबल म्हणजे एकट्या माणसाची कचेरी, आणि तशी कचेरी चालवणारी माणसं ते घेत. डेव्हनपोर्ट नावाचं नाजूक टेबल छान, पण त्याच्या उतरत्या फळीवर एक वही आणि एक कोपर, बस. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या स्कँडिनेव्हियन धाटणीचं सागवानी सेक्रेटरी मात्र मी जवळजवळ घेतलंच होतं. हलकं, उंच पायांचं, कमी खोलीचं. लहान घरासाठी आजही मी तेच सुचवीन. रीतीप्रमाणे शंभर वर्षं भरलेल्या वस्तूलाच अँटिक म्हणतात, त्याअलीकडची व्हिंटेज. पण व्हिंटेज म्हणजे दुय्यम असं मुळीच नाही. मी ते घेतलं नाही याचं कारण फक्त एवढंच की त्याच आठवड्यात मला हे महोगनीचं टेबल दिसलं आणि डोकं फिरलं.

विक्रेत्याने सांगितलं होतं, "एकसंध नग, जसाच्या तसा, वरच्या कपाटासकट." खाली झडपेचं ब्युरो, वर काचेच्या दारांचं पुस्तकांचं कपाट. दिसायला रुबाबदार. मी टॉर्च, मोजपट्टी आणि एक छोटा आरसा घेऊन गेले होते. विक्रेत्याला ते आवडलं नाही, पण बोलला काही नाही.

पहिलं काम: सगळे खण बाहेर काढणे. टेबलाचा चेहरा पाहून काही कळत नाही, पाठ आणि पोट पाहून कळतं. खणाच्या कोपऱ्यात पुढची फळी आणि बाजूची फळी जिथे एकमेकींत अडकतात तो डव्हटेलचा जोड पाहायचा. हाताने कापलेले दात एकसारखे नसतात. एक जाड, एक बारीक, आणि कडेला सुताराने आखलेली बारीक रेघ तशीच राहिलेली असते. यंत्राचे दात कवायतीसारखे एका मापाचे. अमेरिकन खणांवर अर्धचंद्र आणि मधे टिंब असा जोड दिसला तर तो १८६७ च्या नॅपच्या पेटंटचा, म्हणजे टेबल साधारण १८७० ते १९०० मधलं. माझ्या टेबलाचे दात हाताचे होते, चांगलेच ओबडधोबड. मात्र पाठीच्या फळ्यांवर टॉर्च आडवा धरला तेव्हा कमानीसारखे ओरखडे उमटले. सरळ ओरखडे हातकरवतीचे, कमानीचे गोल करवतीचे. गोल करवत एकोणिसाव्या शतकात सर्रास झाली. कुलपाचा एक स्क्रू सैल होता, तो काढून पाहिला: टोकदार. टोकदार स्क्रू १८४० च्या दशकाअखेरीस यंत्रावर निघू लागले, त्याआधीचे बोथट असत. "अठराव्या शतकातलं" म्हणून जे सांगितलं जात होतं ते शंभर वर्षांनी तरुण निघालं. याचं मला वाईट वाटलं नाही. एका स्क्रूवरून निकाल देऊ नये हेही खरं, कारण स्क्रू कुणीही कधीही बदलतो. पण फळ्या, स्क्रू आणि खणांचे तळ तिघांची साक्ष जुळत होती.

साक्ष जुळली नाही ती वरच्या कपाटाची. त्याची पाठ प्लायवूडची. प्लायवूडची पाठ नंतर बसवलेली असू शकते, म्हणून मी विक्रेत्याला विनंती केली की कपाट जरा उचलू या. बरीच कुरकुर झाली. शेवटी दोघांनी मिळून ते उतरवलं, आणि खाली ब्युरोचा माथा उघडा पडला. तो माथा पॉलिश केलेला होता. ज्या माथ्यावर कायमचं कपाट बसणार, तो कुठला सुतार जीव ओतून पॉलिश करेल? तो कोराच ठेवतात. आणि त्या पॉलिशवर, बरोबर मध्यभागी, बशीएवढा गोल पांढरट डाग. कुणीतरी तिथे वर्षानुवर्षं फुलदाणी ठेवत होतं. म्हणजे हे ब्युरो जन्मापासून एकटंच होतं आणि कपाट पुढे कधीतरी आणून वर बसवलं. या धंद्यात अशा जोडणीला चक्क "लग्न" म्हणतात. लग्न लपवलं तरच फसवणूक. उघड सांगितलं तर हरकत काही नाही. माझ्यापुढे ते लपवलं गेलं होतं.

मी फक्त खालचं ब्युरो मागितलं. "मग वरचं कोण घेणार?" हा त्याचा प्रश्न रास्त होता, पण तो माझा नव्हता. डागाने घासाघीस सोपी केली. तो डाग मी आजही काढलेला नाही.

आणखी दोन गोष्टी मी त्याच दिवशी पाहिल्या. खणांच्या पुढच्या फळीच्या आतल्या बाजूला, हँडलच्या स्क्रूंशेजारी बुजवलेली जुनी भोकं होती. म्हणजे हँडलं मूळची नाहीत. आणि नखाने झडपेवर टकटक करत गेले तर एका कोपऱ्यात आवाज पोकळ आला. तिथे महोगनीचा पातळ थर, व्हिनिअर, खालच्या लाकडापासून सुटला होता. दोन्ही दोष चालण्यासारखे. न चालणारा दोष एकच, तो म्हणजे चौकटच वाकडी असणं. झडप बंद केल्यावर चारी बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे.

वाहतुकीबद्दल फार सांगत नाही. खण काढून वेगळे न्या, झडप बांधा, आणि उचलताना माथ्याला नको, खालच्या चौकटीला धरा. दाराची रुंदी मोजली होती. जिन्याचं वळण मोजलं नव्हतं. तिथे अर्धा तास गेला.

घरी आल्यावर पहिले दोन आठवडे मी काहीच केलं नाही, आणि पूर्ण प्रवासात केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच. लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. नवीन जागेची हवा त्याला अंगवळणी पडू द्यावी लागते. खिडकीचं ऊन, हीटर, एसीचा झोत यांच्या समोर तर कधीच ठेवू नये. या दोन आठवड्यांत मी एकच उद्योग केला. मागच्या डाव्या पायावर टाचणीच्या डोक्याएवढी, दीड-दोन मिलिमीटरची भोकं होती. किड्याची. भोकं जुनी असतील तर घाबरायचं कारण नाही, कारण ती किडा आत जाण्याची नसतात, बाहेर पडून गेल्याची असतात. अळी मात्र लाकडात दोन-तीन वर्षं, कधी जास्तही, गुपचूप खात राहते. म्हणून चारी पायांखाली काळा कागद ठेवला. दहाव्या दिवशी कागदावर चिमूटभर भुकटी. माझं धाबं दणाणलं. मग लक्षात आलं की जिन्यात इतके धक्के खाल्ल्यावर जुनी भुकटीही गळणारच. भोकं ब्रशने साफ केली, कागद बदलला, पुन्हा वाट पाहिली. या वेळी कागद काळाच राहिला. तरी खालच्या कोऱ्या लाकडाला, जिथे पॉलिश नाही तिथेच, पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचं द्रावण एकदा लावलं. टेबलाच्या चेहऱ्याला नाही.

मग सफाई. इथे एक गंमत सांगते, ती ऐकून माझ्या सासूबाई दोन दिवस त्या टेबलाजवळ फिरकल्या नाहीत. संग्रहालयांतले तज्ज्ञ रंगवलेल्या आणि पॉलिश केलेल्या नाजूक वस्तूंची मळी काढायला थुंकी वापरतात. खरंच. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि हलकेच फिरवायचा. थुंकीतलं ॲमायलेज नावाचं पाचक द्रव्य मळ सैल करतं. मी आतल्या चिमुकल्या दारावर हा प्रयोग केला. कापूस चहाच्या रंगाचा झाला आणि दारावरची बारीक नक्षी वर आली. अख्खं टेबल मात्र असं कोण करणार? बाकी ठिकाणी कोरडा मऊ ब्रश, मग पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब टाकून घट्ट पिळलेलं फडकं, लगेच कोरडं फडकं. जुन्या मेणाचे थर टर्पेंटाइनने निघाले.

पॉलिश कसलं आहे हे ओळखायची परीक्षा सोपी आहे. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब. चिकट होऊन विरघळलं तर लाख. स्पिरिटला दाद न देता थिनरला विरघळलं तर नायट्रोसेल्युलोजचं लॅकर, म्हणजे १९२० च्या दशकानंतरचं. दोघांनाही दाद दिली नाही तर तेलाचं व्हार्निश किंवा हल्लीचं काही. माझ्या टेबलाने थेंबाखाली बोटाला चिकटून उत्तर दिलं. लाख. लाक्षागृहातली तीच लाख, किड्याने झाडाच्या फांदीवर सोडलेली. लाखेचा एक मोठा गुण असा की नवा थर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. म्हणून जुनं पॉलिश खरवडून काढायची गरजच नसते. पॉलिश पेपर घेऊन सगळं लाकूड "नवं कोरं" करणाऱ्यांना मी आता दुरूनच नमस्कार करते. पातळ व्हिनिअर काही ठिकाणी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचं असतं. चार हात जास्त फिरले की खालचं लाकूड दिसायला लागतं आणि मग परत जायला रस्ता नाही.

मीही शहाणी नव्हते. डाव्या बाजूचं दुसरं हँडल मी पितळेच्या पेस्टने घासून लख्ख केलं. पेस्टचा पांढरा चोथा लाकडाच्या रेषांत बसला, तो काढायला दोन संध्याकाळी गेल्या आणि एक हँडल बाकी सातांपेक्षा उजळ झालं. उरलेली सात घासायची नाहीत असं ठरवलं. येणाऱ्याची नजर अजूनही आधी त्यावरच जाते.

किल्ली नव्हती. कुलूप झडपेतून काढलं, कोणता स्क्रू कुठला हे कागदावर आखून ठेवलं, आणि कुलूप किल्लीवाल्याकडे नेलं. आत दोन लिव्हर. दोन्ही नेमक्या उंचीवर उचलल्या तरच खिटी सरकते. ही युक्ती रॉबर्ट बॅरनने १७७८ साली पेटंट केली. किल्लीवाल्याने तास-दीड तासात कानस घासून किल्ली बसवली. घरी आल्यावर मी ती विनाकारण वीस वेळा फिरवली. फ्रान्सच्या पंधराव्या लुईसाठी एबेन या कारागिराने १७६० मध्ये सुरू केलेलं आणि रीजनेरने १७६९ मध्ये पुरं केलेलं राजाचं टेबल व्हर्सायला आहे. त्याची किल्ली पाव वळसा फिरवली की गुंडाळतं झाकण आणि सगळे खण एकदम बंद होत. माझ्या किल्लीने एक झडप बंद होते. तेवढ्यातही ऐट वाटते.

आणि मग तो फोन, ते पाकीट, तो "कट्".

रडले नाही, पण दोन दिवस झडप दोरीने बांधून ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं नाही. नवऱ्याने एकदाच विचारलं, "पांढरा गोंद आणू का?" आणि माझा चेहरा पाहून बाहेर गेला. ओळखीतून एका वयस्कर सुतारकाकांचा पत्ता मिळाला. ते आले, चष्मा कपाळावर नेला, ढलपी हातात घेऊन उन्हाकडे धरली.

"तुकडा आहे ना सगळा? टाकला नाही ना काही?"

"नाही काका. भुसासुद्धा कागदात ठेवलाय."

"मग घाबरायचं काय? तुटलेलं बसतं, ताई. हरवलेलं बसत नाही."

पांढऱ्या गोंदाचं नाव मी काढताच ते हसले. "तो बसला की बसला. उद्या पुन्हा मोडलं तर मला गोंद तोडता येत नाही, लाकूड तोडावं लागतं." त्यांनी सरस आणला होता. जनावरांच्या कातड्यांपासून केलेला, मधाच्या खड्यांसारखा. रात्रभर पाण्यात भिजवलेला. एका भांड्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, आणि मंद आच. उकळू द्यायचा नाही, साठ अंशांच्या आसपास ठेवायचा, नाहीतर त्याची ताकद जाते. वासाबद्दल न बोललेलं बरं. सरसाची खुबी अशी की ऊब आणि ओल दिली की तो पुन्हा मऊ होतो. मूळच्या सुतारानेही तोच वापरला होता, म्हणून दीडशे वर्षांनी जोड उकलता आणि परत जुळवता येतो.

काकांनी आधी फाटलेल्या जागेतला जुना सरस ओल्या गरम फडक्याने मऊ करून खरवडला. मग ढलपी कोरडीच बसवून पाहिली, काढली, पुन्हा बसवली. चार वेळा. "सरस लावल्यावर विचार करायला वेळ नसतो," म्हणाले, "तो थंड होतो." मग भराभर सरस, ढलपी, मेणकागद, वर लाकडाचा ठोकळा आणि शिकंजा. स्क्रूंची भोकं रुंद झाली होती, ती तशीच वापरून उपयोग नव्हता. त्यांनी महोगनीच्या जुन्या तुकड्यातून छोट्या गुट्ट्या कापल्या, आणि कापताना लाकडाचे धागे झडपेच्या धाग्यांच्याच दिशेने ठेवले. "गोल दांडी ठोकली असती तर पाच मिनिटांत झालं असतं. पण दांडीचा धागा उभा, स्क्रू पण उभा. उभ्या धाग्यात स्क्रू पकडत नाही." मी आयुष्यभर स्क्रू पिळत आले, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. व्हिनिअरचा तो पोकळ कोपराही त्यांनी त्याच भांड्यातल्या सरसाने उरकला. पातळ सुरीने आत सोडला, वर ठोकळा. मी कुठेतरी वाचून गरम इस्त्रीचं सुचवलं होतं. "इस्त्रीने लाख पांढरी पडेल," एवढंच उत्तर.

सरस वाळेपर्यंत शिकंजा हलवायचा नव्हता, म्हणून काकांनी चहा घेतला आणि चहा पितापिता आतले चिमुकले खण एकेक काढून पाहू लागले. मधल्या दाराच्या उजवीकडचा खण हातात घेऊन थांबले. तो परत ठेवला, शेजारचा काढला. दोन्ही शेजारी शेजारी धरले.

"हा आखूड का?"

खरंच होता. बाहेरून सगळे सारखे, पण हा एक तीन बोटं आखूड. मी मोजपट्टी आत घातली: शेजारच्या कप्प्याची खोली एकवीस सेंटिमीटर, याची पंधरा. मागे सहा सेंटिमीटर कुठे गेले? काकांनी कप्प्याच्या छतावर बोट फिरवलं, एक पातळ लाकडी पट्टी दाबली. पट्टी स्प्रिंगसारखी वाकली आणि मागची भिंत म्हणून जी मी महिनाभर पाहत होते ती सरकून पुढे आली. पाठोपाठ एक उभा छोटा खण. चोरकप्पा!

आत एक गंजलेली टाचणी होती. बाकी काही नाही. पत्र नाही, नाणं नाही. मी क्षणभर खट्टू झाले, काका मात्र खणाच्या तळाकडे पाहत होते. तिथे पेन्सिलने एक आकडा होता, सुताराने कुठला खण कुठे बसतो हे ओळखायला घातलेला. "बघा," म्हणाले, "इथे कुणी बघणार नाही म्हणून त्याने रंधासुद्धा मारला नाही." अशा कप्प्यांचं रहस्य तसं फार रहस्य नव्हतंच. मधल्या दाराच्या दोन्ही बाजूंचे नक्षीचे खांब ओढले की बाहेर येतात आणि ते कागद ठेवायचे उभे डबे निघतात, ही गोष्ट त्या काळी टेबल विकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असणार. माझे खांबही निघाले, काका गेल्यावर, पहिल्याच ओढीला. चोरांनाही नक्कीच माहीत असेल. हे कप्पे बहुधा नोकरमाणसं आणि घरातली मंडळी यांच्यासाठी होते, दरोडेखोरांसाठी नाही.

दुसऱ्या दिवशी शिकंजा निघाला. दुरुस्तीच्या जागी काकांनी लाखेचं पॉलिश स्वतः मारलं. कापसाची पोटली, बाहेरून जुनं सुती कापड, आत स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख, आणि पोटली अडकू नये म्हणून तेलाचा एक थेंब. हात इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरत राहतो, लाकडावर क्षणभरही थांबत नाही. थांबला तर पोटली चिकटते आणि खालचा थर उचलून आणते. त्यांनी मलाही फिरवू दिलं. दोन मिनिटांत माझं मनगट भरून आलं आणि मी थांबले. डाव्या बिजागरीजवळ अंगठ्याएवढी एक खरखरीत जागा आहे, ती माझी.

टेबल आता वापरात आहे. वापरायला ते गैरसोयीचं आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. खाली खण असल्यामुळे गुडघ्यांना जागा नाही; झडप जेवढी पुढे येते तेवढ्यातच पाय मावतात, म्हणून खुर्ची अंतर ठेवूनच बसते. लिहायची फळी जमिनीपासून सत्त्याहत्तर सेंटिमीटरवर आहे, खुर्चीवर उशी लागते. लॅपटॉप बसतो, मोठा पडदा बसत नाही. झडपेवर कोपरं रोवून विचार करत बसायची माझी सवय मोडावी लागली. वायरसाठी पाठीला भोक पाडा असं तिघांनी सुचवलं. मी पाठ नीट पाहिली: फळ्या आक्रसून दोन फळ्यांच्या मधे बोटभर फट पडली आहे. चार्जरची वायर तिथून आरामात जाते. खण अडकत होते, त्यांच्या खालच्या कडांना मेणबत्ती घासली आणि ते निमूट सरकू लागले.

पण संध्याकाळी अर्धं वाक्य तसंच सोडून, पेन उघडं, तीन पुस्तकं पालथी, अशी मी झडप वर करते आणि किल्ली फिरवते. नवऱ्याने आता टेबलाला हात लावायला सुरुवात केली आहे. परवा त्याने बिलं ठेवायला झडप उघडली. आधी डावा टेकू ओढला, मग उजवा, आणि माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही.

काकांनी काढलेले जुने स्क्रू टाकू नका असं सांगितलं होतं. दोन वाकलेले, एकाची खाच झिजलेली. ते एका लहान पाकिटात घातले, पाकिटावर तारीख आणि "डावी बिजागरी, चूक माझी" असं लिहिलं, आणि चोरकप्प्यात टाचणीशेजारी ठेवून मागची भिंत सरकवली.